मटण स्ट्रीट ते साष्टी : जुन्या रेकॉर्डींच्या मागावर

मुंबईतलं जुनं जॅझ आणि पॉप शोधायचं, तर गायकाच्या नावावरून शोधून फारसं हाती लागत नाही. कव्हर उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात : ट्रम्पेट कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा, वाद्यमेळ बांधणारा अरेंजर कोण. रात्री चर्चगेटच्या हॉटेलात जॅझ वाजवणारे गोवेकर वादकच दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी वाजवत आणि सवड मिळाली की कोंकणी गाण्यांचं रेकॉर्डिंगही करत. हे वादक गोव्यातून मुंबईत आले. आमची वाट उलटी होती, मुंबईच्या फुटपाथवरून गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या घरांकडे. मध्ये पुणे घेतलं ते लोकगीतांसाठी.

वार जुळवून निघणं महत्त्वाचं. चोरबाजारातला जुम्मा बाजार शुक्रवारी भरतो, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, म्हापशाचा बाजार पुन्हा शुक्रवारी. म्हणून शुक्रवार ते शुक्रवार. महिना जानेवारी, कारण या दिवसांत हवा कोरडी असते आणि पावसाळ्यात चिकटलेली कव्हरं मोकळी झालेली असतात.

शुक्रवार : मटण स्ट्रीट, पहाट

शुक्रवारी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं बंद असतात आणि त्यांच्यासमोर रस्त्यावर चादरी अंथरून बाजार भरतो. उजाडायच्या आत पोहोचायला हवं. आम्ही शिरलो तेव्हा बहुतेक चादरींवर बॅटरीचेच उजेड फिरत होते. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, एका पायाचे बूट, त्यातच एका बाजूला रेकॉर्डींची चळत. मोठ्या एलपी, छोट्या ईपी आणि लाखेच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या सगळ्या एकमेकींवर आडव्या.

चळत पाहिल्याबरोबर वरून उपसायला सुरुवात करू नये. खाली ७८ची तबकडी असेल तर वरचं वजन सरकताना तीच आधी तडकते. दोन्ही हातांनी चळत उभी करायची, मग एकेक पुढे पाडत पाहायची. बॅटरी सरळ न धरता तिरकी, तबकडीला जवळजवळ समांतर धरायची. सरळ उजेडात सगळ्याच रेकॉर्डी चकचकीत दिसतात. तिरक्या उजेडात ओरखडे उठून दिसतात. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडलं तर सुईही अडणार, गाणं एकाच ओळीवर फिरत राहणार किंवा पुढे उडी मारणार. नख अडलं नाही तर फार तर बारीक टिकटिक ऐकू येईल, ती चालते.

त्यानंतर मधलं छिद्र पाहायचं. रेकॉर्ड यंत्रावर ठेवताना खिळा न दिसल्यामुळे लेबलवर बारीक रेषा उमटतात. त्यांचं जाळं दाट असेल तर ती रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे, मग वरून कितीही स्वच्छ दिसो. जड वजनाच्या सुईखाली झिजलेल्या खाचा करड्या दिसतात, काळ्या चमकत नाहीत. करडेपणा धुऊन जात नाही, ती रेकॉर्ड सोडून द्यावी. शेवटी तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून फिरवायची म्हणजे वाक कळतो. कडेचा थोडा वाक चालतो. उन्हाने बशीसारखी झालेली रेकॉर्ड घेऊ नये.

चादरीवाल्या चाचांचा हिशेब निराळा होता. "गाने का पैसा अलग, कव्हर का अलग," ते म्हणाले. सजावटवाले लोक भिंतीवर लावायला नुसती कव्हरं घेऊन जातात, त्यामुळे तबकड्या उघड्या पडतात किंवा मिळेल त्या कव्हरात जातात. याचा पुरावा लगेच मिळाला. शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाईल' या १९६८च्या एचएमव्ही एलपीचं उत्तम अवस्थेतलं कव्हर होतं आणि आत भलतीच एक भजनाची रेकॉर्ड. ती एलपी म्हणजे अकरा रागांवरच्या जॅझ रचना, सतारीवर रईस खान. शोधणाऱ्यांच्या यादीत ती कायम वर असते, म्हणूनच तिच्या बाबतीत ही अदलाबदल फार होते. पैसे देण्याआधी कव्हरवरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक पडताळून पाहायचा. एचएमव्हीच्या क्रमांकातली अक्षरंही बोलतात. हलक्याफुलक्या संगीताच्या एलपींवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. शास्त्रीय संगीतात हीच जोडी ईएएलपी आणि ईएएसडी अशी. ७ईपीई हा आकडा बहुतेक वेळा सिनेमाच्या ईपीवर दिसतो. कव्हरवर बारकोड असेल तर ती पन्नास-साठच्या दशकातली प्रत नक्कीच नव्हे, मग विकणारा काहीही सांगो.

त्याच चादरीवर तळाला कव्हर नसलेल्या कोंकणी ईपी निघाल्या. चिखल वाळलेला होता पण खाचा काळ्या होत्या. घेतल्या. सात वाजेपर्यंत ऊन आलं, गर्दी वाढली आणि चांगला माल संपला. मग अब्दुल हकीम चौकात नळी निहारी आणि तंदुरी रोटी. थंडीत पहाटेपासून वाकून बसलेल्या माणसाला याहून चांगलं काही मिळणार नाही.

शनिवार : दुकानं, धोबीतलाव, फोर्ट

आज तीच गल्ली, पण दुकानं उघडी. इथे भाव फुटपाथपेक्षा बरेच चढे, मात्र वाजवून बघता येतं आणि त्याचीच ती किंमत. वाजवण्याआधी दुकानदाराला सुई दाखवायला सांगावं. बोथट सुईवर चांगली रेकॉर्डही चरचरते, शिवाय त्या एका वाजवण्यात ती खराबही होते. पहिलं गाणं ऐकून निर्णय घेऊ नये. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगायचं. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम वीस-बावीस. कमी जागेत तेवढाच आवाज कोंबलेला असल्यामुळे झीज प्रथम तिथे कळते. ट्रम्पेटचा उंच सूर फाटतो, गाण्यातले 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात. शेवटचं गाणं स्वच्छ असेल तर बाकीची बाजू ऐकायचीही गरज नाही.

दुकानात 'सिमला बीट'ची चौकशी केली. १९७० आणि ७१ च्या या दोन एलपींवर देशभरातल्या कॉलेजवयीन बँडची गाणी आहेत. सिगारेट कंपनीने भरवलेली स्पर्धा, अंतिम फेरी षण्मुखानंद सभागृहात. मूळ प्रत दुकानात येते तेव्हा फोनवरूनच जाते, असं उत्तर मिळालं, ते पटण्यासारखं आहे. नव्याने छापलेल्या प्रती मिळतात. ऐकण्यासाठी त्या घ्याव्यात आणि पैसे वाचवावेत.

दुपारी धोबीतलाव. जेर महाल या इमारतीच्या माड्यांवर गोवेकरांचे कूड आहेत. गावाच्या नावाने चालणारी ही वसतिगृहं, एक ट्रंक, एक खाट, भिंतीवर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो. जहाजावर जाणारे तारवटी इथे उतरत, तसेच वादकही. पॅरिशच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं मुंबईत आली, आणि साठ-सत्तर वादकांचा ताफा एकाच कागदावरून वाजवू शकेल अशी माणसं सिनेमावाल्यांना तयार मिळाली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी आधी ओ. पी. नय्यर आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजिंग केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना शिकवलं. सिनेमाच्या रेकॉर्डीवर यांची नावं शोधून सापडत नाहीत.

खाली कयानीत, १९०४पासूनच्या त्या इराणी हॉटेलात, एक वयस्कर व्हायोलिनवादक भेटणार होते. ओळखीच्यांनी वेळ ठरवून दिली होती. ब्रून मस्का चहात बुडवत त्यांनी आमच्याजवळचं 'रागा जॅझ स्टाईल'चं रिकामं कव्हर उलटं केलं आणि मागच्या नावांवरून बोट फिरवलं. सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, ड्रम्स लेस्ली गोदिन्हो, बास एडी त्रावास, गिटार अनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक. "ही नावं छापली म्हणून ही रेकॉर्ड वेगळी," ते म्हणाले. "वाजवणारे नेहमीचेच होते." आमच्याकडच्या कोंकणी ईपींवर फक्त गायिका आणि संगीतकार लिहिलेले. वादक कोण हे त्यांनी लेबलं बघून सांगितलं नाही, फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि दोन वादकांची नावं घेतली, तिसऱ्याबद्दल नकारार्थी मान हलवली. अशा भेटीला जाताना रेकॉर्ड न्यायची नाही, आवाज न्यायचा. म्हाताऱ्या माणसाला लेबल वाचता येत नाही, पण फुंक ओळखता येते.

कयानीपासून चालत गेलं की सेंट झेवियर्सच्या बाजूला रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेले. आता ते मुकं आहे. पुढे काळा घोडा, जिथे २०१६ साली बंद होईपर्यंत ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डींचं दुकान होतं. ऱ्हिदम हाउसचा शिक्का असलेली आतली कागदी पाकिटं फुटपाथवर अजून मिळतात. ती सांभाळावीत, पण रेकॉर्ड त्यात ठेवू नये. जुना कागद आम्ल धरतो आणि त्याची धूळ खाचेत बसते. रेकॉर्ड नव्या पॉलिथीनच्या पाकिटात, जुनं पाकीट कव्हरात वेगळं.

रविवार : पुणे, जुना बाजार

पहाटेची गाडी, पुण्यात चांगलीच थंडी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात लोखंडी सामान, नाणी आणि अडकित्ते यांच्यामध्ये रेकॉर्डवाले बसतात. मुंबईत इंग्रजी आणि सिनेमा जास्त, इथे मराठी. भावगीतं, नाट्यगीतं, पोवाडे, कोळीगीतं, लावण्या. सुलोचना चव्हाण यांच्या ईपी इथे हमखास दिसतात आणि हमखास झिजलेल्या असतात, कारण त्या घरात नाही, हॉटेलात आणि लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर वाजल्या. घेताना ढोलकीकडे लक्ष देऊन फसायला होतं. ढोलकीचा घुमारा झिजलेल्या रेकॉर्डवरही शाबूत राहतो. तुणतुण्याची तार आणि मंजिरीचा कण ऐकायचा. उंच आवाज आधी मरतात. मंजिरी वाळूसारखी ऐकू आली की रेकॉर्ड ठेवून द्यायची.

७८च्या तबकड्याही इथे बऱ्या मिळतात. त्या लाखेच्या, दहा इंची, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. तिरक्या उजेडात केसाएवढी तड दिसत नाही, म्हणून तबकडी मधल्या छिद्रात बोट घालून टांगती धरायची आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारायची. अखंड असेल तर स्वच्छ आवाज येतो, तडकलेली असेल तर बद्द.

बाजारात एक निवृत्त मास्तर चावीचा ग्रामोफोन मांडून बसतात, विकायला नाही, ऐकवायला. भोवती दहा-पंधरा माणसं उभी. एक बाजू वाजली की ते सुई काढून डबीत टाकत आणि नवी लावत. पोलादी सुई एका बाजूसाठीच असते. तीन मिनिटांत तिचं टोक खाचेच्या आकाराचं घासलं जातं, दुसऱ्या बाजूला ती करवतीचं काम करते. एका मुलाने त्यांच्यासमोर ईपी धरली, "आजोबा, ही लावा ना." मास्तरांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि सुई धरणारा साउंडबॉक्स त्याच्या तळहातावर टेकवला. शंभर ग्रॅमच्या वर वजन. त्याखाली ईपीची बारीक खाच एका फेरीतच सोलून निघते.

सुईचा हा फरक विजेच्या प्लेअरवरही तितकाच खरा. एलपी-ईपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ची साधारण ७५ची. बारीक सुईने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळत जाते, नुसता खरखराट येतो, आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. कितीतरी चांगल्या तबकड्या एवढ्याच कारणाने भंगारात गेल्या आहेत.

दुपारी मिसळ. रस्सा दोनदा मागवला.

सोमवार : बुधवार पेठ

पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे एका माडीवर जुने प्लेअर दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. टेबलावर एचएमव्ही फिएस्टा उघडा पडला होता. या प्लेअरांत बहुतेक वेळा मोटर चांगली असते आणि बिघडलेलं असतं ते रबर. मोटरचा फेरा तबकडीपर्यंत पोहोचवणारं रबरी चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला चपटा खड्डा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला धप् असा आवाज आणि सूर डोलतो. तेल घातल्याने ते आणखी बिघडतं, रबरावर तेलाचा थेंबही जाता कामा नये. आधी चाक आणि तबकडीची आतली कड स्पिरिटने पुसायची, रबर कडक झालं असेल तर कड बारीक पॉलिशपेपरने हलकी खरवडायची, खड्डा असेल तर चाकच बदलायचं. बटण बंद करून प्लेअर ठेवताना गतीचा खटका मधल्या रिकाम्या जागी ठेवला की चाक दाबलं जात नाही.

गती तपासायची त्यांची रीत साधी आहे. स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती फिरत्या तबकडीवर ठेवून वर पिवळा बल्ब लावायचा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर बल्ब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतो, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७ रेघा असलेली चकती स्थिर दिसली पाहिजे. एलईडीच्या दिव्याखाली बहुतेक वेळा हे दिसतच नाही, त्यामुळे दुकानात एक जुना गोल बल्ब टांगलेला असतो. चकती छापून घरी करता येते, फक्त छिद्र बरोबर मध्यावर हवं.

रात्रीच्या गाडीने गोव्याकडे.

मंगळवार : पणजी

सकाळी पातळ भाजी आणि पाव, मग फोंताइन्याशच्या बाजूला खोली. आजचा दिवस धुण्याचा. मुंबई-पुण्याची माती साष्टीतल्या यंत्रांवर न्यायची नव्हती.

एलपी आणि ईपीसाठी : एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीत वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. तो नसेल तर सुगंध आणि रंग नसलेल्या भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब. आधी कोरड्या मऊ ब्रशने वाळू काढायची, नाहीतर आपणच ती खाचेत घासतो. मग लेबल कोरडं ठेवत द्रव पसरून खाचेच्या दिशेने, गोल, ब्रश फिरवायचा. मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. शेवटचं पाणी डिस्टिल्डच, कारण नळाच्या पाण्यातला क्षार वाळल्यावर खाचेत राहतो आणि तोच टिकटिक करतो. मायक्रोफायबरने टिपून, उभ्या घडवंचीत, पंख्याखाली, सावलीत अर्धा तास.

७८च्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी डोळ्यांदेखत मॅट होते आणि गाणं गेलं ते गेलं. तिला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एखादा थेंब, भिजत न ठेवता, पटकन पुसून कोरडी.

चोरबाजारातल्या कोंकणी ईपी धुऊन लावल्या, लेबलांवर नावं होती : ख्रिस पेरी आणि लोर्ना. ख्रिस पेरी मडगावचे, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे, आणि मुंबईत वाढलेल्या लोर्ना कॉर्देरो यांचा आवाज त्यांच्या बँडमधून पुढे आला. कोंकणी शब्द, पण मागे पितळी वाद्यांचा बांधलेला जॅझ बँड. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीलाच ट्रम्पेट असा काही घुसतो की खोलीच्या मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कितें जाय?" विचारायला आल्या होत्या, गाणं संपेपर्यंत गात राहिल्या.

बुधवार : साष्टी

राय, लोटली, कुडतरी या पट्ट्यात संगीत घराघरात आहे. लोटलीचे तोर्काद द फिगरेद यांचे मांडो अजून लग्नांत गायले जातात, संथ मांडो झाला की मागून उडतं दुलपद, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने. इथे रेकॉर्डी बाजारात मिळत नाहीत, कपाटात असतात. त्या कपाटात काय असेल हे घरातलं कोण कुठे गेलं होतं यावर ठरतं. १९६१पूर्वीच्या पोर्तुगीज काळातले, लिस्बनहून आलेल्या फादोच्या, म्हणजे पोर्तुगीज गीतांच्या, ईपी. तारवटी असलेल्या काकांनी अमेरिकी बंदरांतून आणलेलं जॅझ. मोझांबिक आणि नैरोबीहून परतलेल्यांबरोबर आलेलं पॉप. आणि गावातल्याच कोणाचं तरी नाव असलेली कोंकणी ७८.

एका घरात आजीबाईंनी पलंगाखालून तांदळाची पेटी ओढली. आत रेकॉर्डी, वर पांढरी बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात बंद खोलीतली आर्द्रता महिनोन्‌महिने ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला कव्हरचा कागद, खळ आणि बोटांचं तेल पुरतं. विनाइल ती खात नाही, पण तिने सोडलेलं आम्ल खाचेवर ठिपके कोरतं. ताजी असेल तर धुऊन सगळी जाते. जुनी असेल तर धुतल्यावरही ठिपका दिसतो आणि तिथे कायमचा खट् असा आवाज राहतो. हे काम नेहमी अंगणात, तोंडाला मास्क बांधून, वाऱ्याकडे पाठ करून करायचं. बुरशीचं फडकं दुसऱ्या रेकॉर्डला वापरायचं नाही. कव्हर सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर चालतं, रेकॉर्ड मात्र उन्हात अजिबात नाही.

पेटीत ॲमान्सिओ डिसिल्वा यांची 'इंटिग्रेशन' निघाली. १९६९ची, इंग्लंडमध्ये छापलेली, लंडनला असलेल्या नातेवाइकाने पाठवलेली. मुंबईत जन्मलेल्या या गोवेकर गिटारवादकाने तिकडे जाऊन केलेली ही रेकॉर्ड. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबरची 'हम दोनो'ही. मूळ प्रतींना आज परदेशात मोठी किंमत येते. आजीबाईंना ते सांगितलं, स्पष्ट सांगितलं, कारण अशा घरातून किंमत न सांगता रेकॉर्ड उचलून नेणारे लोक येऊन गेलेले असतात आणि त्यानंतर गावात कोणी पेटी उघडत नाही. त्यांना विकायची नव्हती. ऐकायची होती, घरातला प्लेअर वीस वर्षं बंद होता.

म्हणून अशा घरी जाताना विकत घ्यायचं बोलणं काढू नये. प्लेअर, सुया आणि लॅपटॉप घेऊन जावं, तिथेच बसून आवाज उतरवावा आणि रेकॉर्ड जागच्या जागी ठेवावी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, साध्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या एलपीला १.४ जीबी. आवाजाची पातळी अशी ठेवायची की सर्वांत मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या पुढे जाणार नाही. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवायचं नाही, प्रतीवर चालवायचं. जोरात चालवलं तर ते ड्रमच्या झांजा आणि ट्रम्पेटची फुंकसुद्धा खरखर समजून पुसतं. मोनो रेकॉर्ड असेल तर डावा आणि उजवा आवाज एकत्र करावेत, खाचेच्या वर-खाली हालचालीतून येणारा बराच कचरा आपोआप जातो.

७८ गती नसलेल्या प्लेअरवरही ७८ उतरवता येते. सुई मात्र जाडच हवी. ४५वर वाजवून घ्यायची आणि सॉफ्टवेअरमध्ये गती १.७३३ पट करायची. एवढ्याने काम संपत नाही. एलपीसाठीचा आरआयएए कर्व्ह, म्हणजे वाजवताना खर्ज आणि उंच सुरांचं प्रमाण पूर्ववत करण्याचा ठरलेला हिशेब, १९५४ नंतर रूढ झाला. जुन्या तबकड्यांना तो लावला की खर्ज फुगतो आणि आवाज गोधडीखालून येतो. तो आधी काढून टाकून मग त्या काळाचा कर्व्ह द्यावा लागतो.

फाइलबरोबर तीन फोटो : दोन्ही लेबलं, आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. लेबल चुकीचं चिकटलेलं असू शकतं, तो क्रमांक साच्यातूनच येतो. आणि कोणी वादकाचं नाव सांगितलं तर ते नव्या पाकिटावर पेन्सिलने, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह लिहायचं. कयानीत सांगितलेली नावं आम्ही अशीच लिहिली होती. राय गावात एका माजी ट्रम्पेटवाल्यांनी तीच ईपी ऐकली, त्यातलं एक नाव तेच घेतलं आणि मुंबईत ज्यावर मान हलली होती त्या सॅक्सोफोनचंही सांगितलं. दोघांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही. जुळलेल्या नावाखाली एक रेघ ओढली, न जुळलेल्यापुढे प्रश्नचिन्ह.

जेवायला माशाची कढी, उकड्या तांदळाचा भात आणि पोर्तुगीज काळापासूनच्या त्या टेबलावर दुपारभर फादो.

गुरुवार : हळदोणे, शिवोली

हळदोणे हे चिक चॉकलेट यांचं गाव. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ. चाळीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आणि सी. रामचंद्र यांचे साहाय्यक. १९५१च्या 'अलबेला'त स्विंगचा जो झोक आहे त्यात त्यांचा वाटा आहे. 'चिक अँड हिज म्युझिक मेकर्स' असं लेबल असलेली ७८ दिसली तर तडकलेलीसुद्धा सोडू नये. तड आरपार नसेल तर उतरवून घेता येते, प्रत्येक फेऱ्याचा ठोका नंतर हाताने एकेक काढायचा.

शिवोलीत रेकॉर्डी नव्हे, कॅसेट. गायक रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' १९८४ साली घरीच रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून फिरून दुकानांत पोचवली. त्या पहिल्या कॅसेट अजून घराघरात आहेत. जुनी कॅसेट सरळ लावू नये. आतला फेल्टचा चौकोन निखळलेला असेल तर आवाज दबका येतो, तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फिरताना अडखळली तर स्क्रूने उघडणाऱ्या नव्या खोक्यात टेप बदलून घ्यायची, जुनं खोकं त्यावरच्या कागदासाठी ठेवायचं.

शुक्रवार : म्हापसा आणि परतीचा डबा

म्हापशाच्या बाजारात चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, पोई म्हणजे गोव्याचे पाव, मिरच्या आणि कुंभारकाम यांतून हिंडताना रेकॉर्डवाला एकच दिसला, त्याच्याकडे बहुतेक सिनेमाच्या ईपी. त्यांतून लाकडी घोड्याच्या चित्राच्या कव्हरातली एक मुलांच्या मराठी गाण्यांची घेतली. चोरिस मात्र भरपूर घेतले.

बांधणीचं गणित असं. एलपी कव्हरसकट साधारण पाव किलो, म्हणजे पन्नासचं खोकं साडेबारा किलो. त्याहून मोठं खोकं एका माणसाने उचलू नये. ७८ची एकेक तबकडी जवळपास दोनशे ग्रॅम, पंचवीसच्या वर नको. सगळ्या उभ्या आणि घट्ट, मध्ये मोकळी जागा राहिली तर टॉवेल कोंबायचा. दर पाच ७८मागे जाड पुठ्ठा. खोक्याच्या तळाला आणि बाजूंना थर्माकोल, बाहेर बाणाने वरची बाजू. गाडीत बर्थखाली उभं ठेवायचं, त्यावर दुसऱ्याची बॅग येऊ द्यायची नाही. मोटारीने येणार असाल तर डिकीत नको, जानेवारीतही दुपारी बंद डिकी विनाइल वाकण्याइतकी तापते.

घरी आल्यावर खोकं लगेच उघडायचं. गोव्याची हवा धरून ठेवलेली कव्हरं दोन दिवस पंख्याखाली उभी करायची, मगच कपाटात. बुरशीच्या पेटीतून आलेली एखादी असेल तर ती महिनाभर वेगळी. नोंदी पडताळायला मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक उपयोगी पडतात, त्यांत कंपन्यांच्या मालिका आणि क्रमांकांवर बरंच काम आहे. हाच मार्ग करायचा असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत करावा, फक्त नाताळचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत साष्टीतल्या घरांत पाहुणे असतात, पलंगाखालची पेटी ओढायला जागा नसते.